बनियनला शिवलेला खिसा

आमच्या घरात आवाज भावाच्या वाट्याला आला आणि राग माझ्या. तो शाळेत असतानाच गल्लीने त्याचं नाव कर्णा ठेवलं, कारण त्याने जिन्यातून हाक मारली की ती कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ऐकू जायची. माझं नाव काय ठेवलं होतं ते कुणी माझ्या तोंडावर कधी सांगितलं नाही, त्यातच काय ते आलं. वडिलांमागे स्पीकर दुरुस्तीचं दुकान आम्ही दोघांनी चालवलं. तो गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा आणि मी आतल्या टेबलाशी बसून स्पीकरचे फाटलेले पडदे, जळलेल्या कॉइल बदलायचे. मला काउंटरवर उभं करायचं नाही, हा त्याचा नियम होता. "ताई, तू बोललीस की माणूस स्पीकर इथंच टाकून पळतो," म्हणायचा. खोटं नव्हतं ते.

दोन वर्षांपूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून तो उठला, पण हृदयावर एक व्रण राहिला. त्या व्रणापाशी ठोके भरकटतात, असं डॉक्टर म्हणाले. भरकटले की हृदय नुसतं थरथरतं, रक्त पुढे जात नाही, आणि माणूस काही मिनिटांत संपतो. म्हणून त्याच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, कातडीच्या आत, काडेपेटीहून जरा मोठं मशीन बसवलं. ठोके भरकटले की ते ओळखायचं आणि आतून विजेचा शॉक देऊन त्यांना रांगेत आणायचं.

मशीन बसवल्यावर ते तपासणाऱ्या तंत्रज्ञाने आम्हा तिघांना समोर बसवून बजावलं, "तुमच्या धंद्यात चुंबकं असतात. छातीजवळ अजिबात नकोत. मोठं चुंबक वर आलं की मशीन आंधळं होतं. चुंबक तिथं असेपर्यंत शॉक देत नाही. काढलं की पुन्हा कामाला लागतं." माझी भावजय शाळेत गणित शिकवते, तिला आम्ही गणितबाईच म्हणतो. तिने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. कर्णा हसला. मी नुसतं ऐकलं. वाक्य तिघांनी एकच ऐकलं, पण प्रत्येकाने ते आपापल्या कामाला लावलं.

वर्षभर मशीन गप्प होतं. मग एकदा आंघोळ करताना शॉक बसला. दुसरा जिन्यात. तिसरा तो चांगला जागा असताना, शेजाऱ्याशी हसत असताना. "घोड्याने आतून लाथ मारावी तसं होतं गं," तो म्हणाला. दोन महिन्यांत पाच लाथा झाल्या आणि माझा भाऊ हळू बोलायला लागला. मोठ्याने बोललं तर मशीन जागं होईल असं त्याला वाटे. एकट्याने न्हाणीघरात जाईना. रात्री उशीला टेकून बसून राही. डोळ्यांखाली काळं आलं, हात कापायला लागले, आणि ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे तोंड वेंगाडलं नाही तो एका दुपारी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, दोन तास. दोन तास मला ठाऊक असू दे की आता लाथ बसणार नाही. मी मागच्या खोलीत झोपतो, तू शेजारी बस. काही झालंच तर चुंबक ओढून काढ. काढलं की मशीन आपलं काम करेल."

मी दोन दिवस त्याच्यावर ओरडले. तिसऱ्या दिवशी त्याच्या एका जुन्या बनियनला आतून, डाव्या बाजूला खिसा शिवला आणि जुन्या स्पीकरमधून काढलेलं, बशीच्या बुडाएवढं गोल चुंबक त्यात घातलं. तो बनियन दुकानातच ठेवायचा, गणितबाईला कळू द्यायचं नाही, असं ठरलं.

एकोणीस दुपारी तो घोरत झोपला. मी स्टुलावर बसून मांडीवर काम घ्यायचे आणि एक डोळा त्याच्या छातीवर ठेवायचे. त्याचा चेहरा भरून आला, हात कापायचे थांबले. मला तर आतून फुगल्यासारखं झालं होतं. डॉक्टरांना जमलं नाही ते आपण सुईदोऱ्याने जमवलं, असं मला खरोखर वाटत होतं. आता ते आठवलं की स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

विसाव्या दुपारी काउंटरवरची घंटा वाजली. एकदा, दोनदा, मग सारखीच. कर्णा नुकताच झोपला होता. तो जागा होईल म्हणून मी उठले. एक मिनिट, म्हटलं. बाहेर एक माणूस आठवड्यापूर्वी मी दुरुस्त केलेला मोठा स्पीकर घेऊन उभा होता. म्हणाला, खरखरतोय, बाई, पडदा वाकडा बसवलाय तुम्ही.

माझ्या हातचा पडदा वाकडा! झालं, माझं टाळकं सरकलं. मी त्याला सांगितलं की माझ्या स्पीकरला काही झालेलं नाही, दोष त्याच्या घरच्या अँप्लिफायरचा आहे. तो ऐकेना. मग मी तो स्पीकर आमच्या अँप्लिफायरला जोडून, खालच्या सुरावर, काचा थरथरतील इतका मोठा वाजवून दाखवला. एकदा नाही, तीनदा. जराही खरखर नव्हती. शेवटी तो मान खाली घालून गेला आणि मी पदर झटकून मागे आले.

कर्ण्याचा चेहरा पाटीसारखा करडा झाला होता. तोंड उघडं. मी त्याला हलवलं, पाणी मारलं, फोनकडे धावले, अँब्युलन्स बोलावली, परत येऊन त्याची छाती चोळत त्याच्या नावाने ओरडत राहिले. माझ्या तळव्याखाली काहीतरी टणक लागत होतं. चुंबक होतं ते. एकोणीस दिवस ज्या एका कामासाठी मी स्टुलावर बसत होते ते काम माझ्या हाताखाली होतं, आणि मला ते सुचलंच नाही.

अँब्युलन्सचा थांबा आमच्या मागच्याच रस्त्यावर आहे. ते आले, त्यांनी कपडे समोरून कात्रीने फाडले, एक चिकटपट्टी उजवीकडे वर, एक डाव्या बगलेखाली लावली आणि आपल्या यंत्राने शॉक दिला. दुसऱ्या शॉकला नाडी आली. बनियनचा डावा भाग तोवर तसाच खांद्यावर चिकटून होता. गाडीत घातल्यावर त्यांनी उरलेले कपडे ओढून काढले, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले आणि पिशवी माझ्या हातात दिली. ती मांडीवर घेतल्यावर मला तिचं वजन कळलं.

मी चुंबक काढून माझ्या पर्समध्ये टाकलं. हे मात्र मला बरोबर सुचलं.

हॉस्पिटलमध्ये छातीवर चुंबक नव्हतं, त्यामुळे मशीन आता रीतसर काम करत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्याने कर्ण्याला नऊ शॉक दिले. औषधं चालू होती, झोपेचं इंजेक्शन चालू होतं, तरी ठोके शांत झाले की तासाभरात पुन्हा उधळत. गणितबाई रात्रभर बाकावर ताठ बसून होती. मी तिच्या शेजारी. ती मधूनच माझा हात धरायची आणि मला तो सोडवून घ्यावासा वाटायचा.

सकाळी हृदयाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं. छोटी खोली, टेबलावर टाचण्यांची वाटी आणि झाकण हरवलेलं प्लास्टिकचं हृदय. ते घाईघाईने बोलणारे गृहस्थ होते. सोबत भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या, ठेंगण्या, पायात पळायचे बूट.

"हे बघा," डॉक्टरांनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "ही अँब्युलन्समधली ईसीजीची पट्टी. हृदय मिनिटाला दोनशेच्या वर धावतंय. आणि ही त्याच वेळची मशीनची नोंद. कोरी. मशीनला काही दिसलंच नाही. इथे आल्यापासून तेच मशीन दर वेळी बरोबर ओळखतंय. म्हणजे हृदयापर्यंत गेलेली वायर कुठेतरी सुटत आलीय. कधी लागते, कधी लागत नाही."

लूज कनेक्शन. दिवसातून दहा वेळा मी लोकांना हेच सांगते.

"आणि कदाचित," ते पुढे म्हणाले, "त्या वायरचंच टोक आत हृदयाला डिवचत असेल. म्हणून हे थांबत नाही. ती उघडून बदलायला हवी. आजच."

"या अवस्थेत पूर्ण भूल द्यायला मी तयार नाही," भूलवाल्या डॉक्टर म्हणाल्या. "टेबलावरच काही झालं तर..." गणितबाईकडे बघून त्या थांबल्या. "मला आधी मानेतला ब्लॉक करून बघायचाय."

तो काय असतो, गणितबाईने विचारलं. त्या तिच्या समोर येऊन बसल्या. मानेच्या मुळाशी, डावीकडे, नसांचा एक गुच्छ असतो. माणूस घाबरला की तो हृदयाला पळ पळ म्हणून हाकतो. इथे तेच चाललंय. ठोके उधळतात, शॉक बसतो, शॉकच्या भीतीने आणि वेदनेने त्या नसा आणखी पेटतात, त्या पुन्हा हृदयाला हाकतात, पुन्हा शॉक. सोनोग्राफीत बघून त्या गुच्छाजवळ बधिर करायचं औषध सोडलं, तर हाकणारा काही तास गप्प बसतो. तेवढ्यात औषधांना काम करायला उसंत मिळते.

मला ते फार चटकन कळलं. माईक स्पीकरसमोर आला की शिटी मारायला लागतो. स्पीकरचा आवाज माईकमध्ये, माईकचा पुन्हा स्पीकरमध्ये, वाढतच जातो. तेव्हा आम्ही स्पीकर उघडून बसत नाही. मधला आवाज खाली करतो.

"मशीन धड असतं तर मीही आधी ब्लॉकच म्हटलं असतं," हृदयाचे डॉक्टर म्हणाले. "पण ही नोंद कोरी आहे. मी थांबू शकत नाही. ताई, तुम्ही तिथे होतात. ते बेशुद्ध पडले तेव्हा अंग उडाल्यासारखं झालं का? शॉक बसल्यासारखं?"

"नाही," मी म्हटलं.

"फोन किती वेळाने केलात?"

"लगेच."

बाहेर येऊन मी पाणी प्यायले.  झाकली मूठ सव्वा लाखाची, असं वडील म्हणायचे, आणि माझी मूठ पर्सच्या आत होती. कुणाला कळणार होतं? कर्णा वाचला तर तो माझं नाव घेणार नाही, एवढं मला पक्कं माहीत होतं. नाही वाचला तर प्रश्नच मिटला. हा विचार माझ्या डोक्यात आला. मी कुणाला हे सांगत नाही, पण आला.

गणितबाई काउंटरपाशी संमतीच्या कागदाची ओळ न् ओळ वाचत होती, मुलांचे पेपर तपासताना वाचते तशी. 'प्राणास धोका' या ओळीखाली तिचं बोट थांबलं. पेन उघडून तिने माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुम्ही मोठ्या आहात. सांगा, करू सही?"

पंधरा वर्षांत तिने मला कशाबद्दल विचारलं नव्हतं. विचारायची सोयच ठेवली नव्हती मी.

"नको," मी म्हटलं. "वायर चांगली आहे."

तिला काही कळलं नाही. मी तिचा दंड धरून तिला परत त्या खोलीत नेलं आणि पर्समधून चुंबक काढून टेबलावर ठेवलं. वाटीतल्या टाचण्या टपाटप येऊन त्याला चिकटल्या. मी सांगितलं. खिसा मी शिवला, एकोणीस दिवस दुपारी तो हे छातीवर ठेवून झोपत होता, कालही होतं.

"अँब्युलन्सवाल्यांनी ईसीजी काढला तेव्हा छातीवर होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"होतं. शॉक देऊन होईपर्यंत होतं. मला काढायचं सुचलं नाही."

हृदयाचे डॉक्टर खुर्ची मागे ढकलून तडक आत गेले. मी अपेक्षा केली होती की कुणीतरी मला फाडून खाईल. भूलवाल्या डॉक्टर निघताना एवढंच म्हणाल्या, "शॉकची इतकी भीती वाटते हे आम्हाला सांगायचं होतंत. त्यावर आमच्याकडे उपाय असतात." त्या रागावल्या असत्या तर मी तोंड तरी वर केलं असतं.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. गणितबाईने एक एक टाचणी सोडवून वाटीत टाकली. मग विचारलं, "तुम्ही शेजारी बसला होतात ना?"

"हो," मी म्हटलं.

"किती मिनिटं झाली असतील, अँब्युलन्स येईस्तोवर?"

"दोन. तीन."

"बरं, डॉक्टरांना सांगते," ती म्हणाली. आणि मग, माझ्याकडे न बघता, "शेजारी होतात हे एक बरं झालं."

वायरचं पाप माझ्या गळ्यातून उतरलं होतं. हे दुसरं मी स्वतःच्या हाताने बांधून घेतलं.

तासाभरात त्यांनी खात्री करून घेतली. हॉस्पिटलकडेही तसलंच गोल चुंबक असतं. ते ठेवलं की मशीन आंधळं, काढलं की डोळस, आणि वायरची सगळी मापं जिथल्या तिथे. दुपारी ब्लॉक करायचं ठरलं. काचेतून मला त्याची उजवीकडे वळवलेली मान दिसत होती, तिच्यावर फिरणारं सोनोग्राफीचं टोक, भूलवाल्या डॉक्टरांची वाकलेली पाठ. सुई दिसली नाही. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. वरच्या पडद्यावरची रेघ त्यांनी सुरुवात केली तेव्हा दर थोड्या वेळाने वेडीवाकडी उसळत होती. मग ती उसळी विरळ झाली. मग नुसते ठोके, एकामागून एक, शाळेतली मुलं रांगेत निघावीत तसे. मी तासभर काचेला नाक लावून उभी होते. शॉक बसला नाही. संध्याकाळपर्यंत नाही, रात्रभर नाही. गणितबाई पहिल्यांदा रडली ती तेव्हा.

दुसऱ्या सकाळी त्यांनी तीच सुई पुन्हा एकदा दिली आणि झोपेचं औषध उतरवलं. दुपारी आम्हाला आत सोडलं. मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसले, गणितबाई पायाशी उभी राहिली. त्याची डावी पापणी अर्धी मिटलेली होती आणि आवाज बसला होता, फाटक्या पडद्याच्या स्पीकरसारखा. ते ब्लॉकमुळेच, औषध बरोबर जागी गेल्याची खूण आहे, उतरेल, असं भूलवाल्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

"ताई," तो खरखरला. "तू शेजारी होतीस ना?"

"होते," मी म्हटलं.

"म्हणून वाचलो." त्याने माझा हात दाबला आणि डोळे मिटले.

पाच मिनिटांनी त्याने डोळे उघडले. "ताई, तू शेजारी होतीस ना?"

गणितबाईने चमकून माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा होते म्हटलं. तो पुन्हा म्हणाला, म्हणून वाचलो. त्याच सुरात, त्याच शब्दांत. ती बाहेर जाऊन डॉक्टरांना घेऊन आली. त्यांनी त्याला वार विचारला, त्याने चुकीचा सांगितला. तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, त्याला एक आठवला.

"हे ब्लॉकचं नाही," भूलवाल्या डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाल्या. "मेंदूला काही वेळ रक्त कमी पडलं की असं होतं. बहुतेकांचं हळूहळू भरून येतं. पण दोन-तीन मिनिटांत सहसा इतकं होत नाही. दुसरं काही कारण आहे का, स्कॅन करून बघावं लागेल."

त्या गेल्या. गणितबाई पायाशी तशीच उभी होती. तिचं गणित जुळत नव्हतं, आणि ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगीच नाही. मला वाटलं, ती आत्ता विचारेल. तिने विचारलं नाही. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता आणि तो मोडायला तिला वेळ लागत होता.

"ताई," कर्णा म्हणाला. "तू शेजारी होतीस ना?"

"नव्हते."

त्याने उघडा डोळा माझ्याकडे वळवला.

"घंटा वाजली म्हणून मी काउंटरवर गेले. एका माणसाशी भांडत होते. माझा पडदा वाकडा म्हणाला. स्पीकर मोठ्याने लावून दाखवला त्याला, तीनदा. तुझा आवाज आला असता तरी ऐकू आला नसता मला. किती वेळ गेला माहीत नाही. दहा मिनिटं असतील, जास्तही असतील. परत आले तेव्हा तू काळानिळा पडला होतास. आणि तेव्हाही चुंबक काढायचं मला सुचलं नाही."

 कर्ण्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"जिंकलीस का?"

"जिंकले," मी म्हटलं, आणि मला इतकी लाज वाटली की मी तोंड पदरात घातलं.

गणितबाई पलंगाला वळसा घालून माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता मारेल. मारायला हवं होतं. तिने माझ्या हातातून त्याचा हात सोडवून घेतला.

"ताई, उठा," ती म्हणाली. "आता मी बसते. तुम्ही बाहेर डॉक्टरांना जाऊन खरी मिनिटं सांगा."

मी उठले. जाऊन सांगितली. त्यांनी कागदावरचा दोनचा आकडा खोडला आणि दहा लिहिला. परत आले तेव्हा ती माझ्या स्टुलावर बसली होती, ताठ, एक डोळा त्याच्या छातीवर. मी भिंतीला टेकून उभी राहिले. दुसरं स्टूल होतं कोपऱ्यात, पण ते ओढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.

थोड्या वेळाने कर्ण्याने डोळे उघडले, खोलीभर शोधत मला हुडकून काढलं, आणि तो हसला.

"ताई, तू शेजारी होतीस ना?"

गणितबाईने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 

"नव्हते रे," मी म्हटलं. "घंटा वाजली म्हणून मी काउंटरवर गेले." आणि मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लागले.